दोन खोक्यांतलं गाणं

“सरक बे, आत्या येऊन राह्यली,” अर्पितानं प्रेमला कोपरानं बाजूला केलं आणि पेनड्राइव्ह अॅम्प्लिफायरला लावला.

बुद्धपौर्णिमेला दोनच दिवस उरले होते. विहारासमोर मांडव पडला होता, स्टेज बांधून झालं होतं, आणि स्टेजच्या दोन टोकांना दोन खोके उभे होते. दिसायला ते काही खास नव्हते. एका मोडक्या पलंगाच्या फळ्या आणि भंगारातल्या जीपचे स्पीकर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अर्पिता, तिचा चुलतभाऊ प्रेम आणि शेजारचा प्रसेनजित या तिघांनी ते आपल्या हातानं बनवले होते. आत लावायला कापूस दिला होता कलाआत्यानं. तिनं तो नुसता दिला नाही, ओटीत घेऊन बसली आणि एकेक सरकी वेचून काढली. खोके पहिल्यांदा वाजले तेही तिच्याच गाण्यानं. तेव्हा तिचा घसा बसलेला असायचा. सगळे म्हणत, हवा बदलली, होईल बरं.

बरं झालं नाही. जानेवारीत अकोल्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण घशातली आवाजाची पेटी काढावी लागली. आता आत्या गळ्यापाशी ठेवलेल्या छिद्रातून श्वास घ्यायची आणि त्यावर पांढऱ्या फडक्याचा तुकडा बांधायची. पंचक्रोशीत जिच्या गाण्याशिवाय एकही कार्यक्रम व्हायचा नाही, ती आता कुणाला हाक मारायची असली तर टाळी वाजवायची.

यंदा विहारात तिचा सत्कार होणार होता, आणि तिनं स्वतः रचलेलं गाणं वाजवायचं ठरलं होतं. ते दोन वर्षांपूर्वी मेहकरच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड केलं होतं. तो स्टुडिओ आता बंद पडला होता. गाणं राहिलं होतं फक्त या पेनड्राइव्हमध्ये.

आत्या मांडवात येऊन खुर्चीवर बसली. विहाराच्या कामात पुढं असणाऱ्या झुंबरबाई, आत्याचा भाऊ म्हणजे प्रेमचे बाबा देवानंदकाका आणि आणखी चारपाच जण आजूबाजूला उभे राहिले. अर्पितानं बटण दाबलं.

ढोलकी वाजली. पेटीचे सूर आले, जरा बारीक, पण आले. आत्यानं डोळे मिटले. आता गाणं उठणार, तिथं काहीच उठलं नाही. ढोलकी चालू, पेटी चालू, आणि आत्याच्या आवाजाच्या जागी नुसती पोकळी. अर्पितानं आवाज वाढवला. ढोलकी मोठी झाली. आत्या नाहीच.

“पुन्हा लाव,” प्रसेनजित पुटपुटला.

पुन्हा तेच. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “पाह्य वं माय, गळ्यासंगं मशिनीतूनबी गेला.”

आत्यानं ते ऐकलं. ती उठली, पदर सावरला आणि एकटीच मांडवाबाहेर पडली. अर्पिता मागं धावली, तर आत्यानं न वळता हात हलवून तिला थांबवलं.

घरी पोचल्यावर अर्पितानं पाहिलं, आत्या चुलीशी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. पाटीवर लिहिलं होतं, ‘तिथूनही गेला.’ आत्यानं पदरानंच पाटी पुसली आणि ती वांगी चिरायला लागली.

*

दुपारी तिघं परत मांडवात आले. ऊन इतकं होतं, की स्टेजचा लोखंडी पाइप हाताला चटके देत होता. काका जेवायला घरी गेला होता.

“पेनड्राइव्हमधून फक्त आवाज कसा पुसला जाईन?” अर्पिता म्हणाली. “पुसलं तर सगळं पुसलं जाते. ढोलकी काऊन राह्यली मंग?”

“ढोलकीनं भाडं भरलं असन,” प्रेम म्हणाला. कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं त्यानं माईक उचलला. “हॅलो, हॅलो. मी प्रेम देवानंद. मले भूक लागली.”

खोक्यांतून काही आलं नाही.

“माईक खराब हाय,” प्रसेनजित म्हणाला. “काका सकाळीच म्हणत होते.”

“दे इकडं.” अर्पितानं माईकची वायर तपासली. पिन घट्ट होती. तिनं माईकवर टिचकी मारली. अॅम्प्लिफायरवरचे हिरवे दिवे टिचकीसरशी वर उडाले. तिनं पुन्हा मारली. पुन्हा उडाले.

ती तशीच उभी राहिली.

“प्रसेनजित, दिवे पाह्य. माईक चांगला हाय. आवाज मशिनीत जाऊन राह्यला, पण बाहेर नाही येऊन राह्यला. प्रेमचाबी नाही, माझाबी नाही. आत्याचा एकटीचा नाही गेला. इथून कोणाचाच आवाज निघत नाही.”

“म्हणजे गाणं आतमधी असन?”

“असनच.”

प्रेमचा चेहरा एकदम उतरला. “पण पेनड्राइव्ह बाबा घेऊन गेले,” तो म्हणाला. “जेवण झालं का जानेफळले जातो म्हणाले. मोबाइलवाल्या गोपालभाऊनं फोनवर सांगतलं, वायरस हाय. सगळं पुसून नवे गाणे भरून देतो म्हणे.”

अर्पितानं अॅम्प्लिफायरकडं पाहिलं. पेनड्राइव्हची जागा रिकामी होती.

*

जानेफळ चार किलोमीटर. काकाची मोटारसायकल गावातून कधीच गेली होती. फोन लावला तर काका उचलेना. तिघांनी दोन सायकली काढल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी रानं पडली होती, कुठं कपाशीच्या पऱ्हाट्या जाळलेल्या, कुठं नांगरून ठेवलेली. डांबर इतकं पातळ झालं होतं, की चाकांना चिकटत होतं. अर्पिताच्या मागं बसलेला प्रेम सारखा म्हणत होता, “मी चालवतो, उतर तू.” ती उतरली नाही. अर्ध्या वाटेत प्रसेनजितच्या सायकलचं चाक काट्यानं बसलं. त्यानं सायकल बाभळीला टेकवली आणि तो त्यांच्या बाजूनं पळायला लागला.

बाजाराचा दिवस होता. गोपालभाऊच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काका पेनड्राइव्ह देऊन बाजारात निघून गेला होता. टेबलावर तीन पेनड्राइव्ह ओळीनं ठेवलेले होते. आत्याचा तिसरा, निळ्या दोऱ्याचा. पहिला कॉम्प्युटरला लागलेला होता.

“भाऊ, तो निळा आमचा हाय. परत द्या,” अर्पिता धापा टाकत म्हणाली.

“देवाभाऊनं देला, देवाभाऊच नेईन. लहान पोराइच्या हातात देत नसतो मी.” त्यानं पहिला काढला, दुसरा लावला.

“त्याच्यात वायरस नाही. आमच्या आत्याचं गाणं हाय.”

“तुले कॉम्प्युटर जास्त समजते का मले? गर्दी करू नको, बाहेर हो.”

अर्पिताचे डोळे भरून आले. इथं रडलं तर तो आपल्याला आणखी लहान समजेल, हे तिला कळत होतं, तरी भरून आले. तेवढ्यात प्रेम तिच्या पुढं सरकला. इतक्या नम्रपणे बोलताना तिनं त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं.

“भाऊ, पुसा तुम्ही. बाबाच म्हणले ना. पण मले त्याइनं पाठवलं पाह्यले, का वायरस कसा असते. एकदा गाणं लावून दाखवा ना. वायरस दिसला का मी लगेच जाऊन सांगतो, गोपालभाऊचं खरं हाय.”

गोपालभाऊला हे आवडलं. “पाह्य मंग,” तो म्हणाला. त्यानं निळ्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह लावला. टेबलावर मुठीएवढे दोन स्पीकर होते. त्यातून ढोलकी वाजली. पेटी आली. आणि मग,

“विहिरीच्या काठी बाई, पहाट जागी झाली,
अक्षरांची ओंजळ माझ्या लेकीनं आणली…”

मोबाइलला काच लावायला आलेली एक बाई दारातच थांबली.

अर्पिता टेबलाची कड धरून उभी होती. पाच महिन्यांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता. आपल्याला तो पाठ आहे असं तिला वाटायचं. पण तो तसा नव्हताच. ‘लेकीनं’ म्हणताना आत्या जराशी थांबायची, हे ती विसरली होती. ओळ संपली की ती श्वास घ्यायची तो आवाजसुद्धा गाण्यातच होता, तेही विसरली होती. अजून वर्षभरानं आपण सगळंच विसरलो असतो, असं तिच्या मनात आलं, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

गोपालभाऊनं हात मागं घेतला. “कोण गाते हे?”

“कलाबाई. याची आत्या,” प्रसेनजितनं प्रेमकडं बोट दाखवलं. “आता नाही गाऊ शकत. आवाजाची पेटी काढली त्याइची.”

गोपालभाऊनं गाण्याची एक प्रत आपल्या कॉम्प्युटरमध्ये ठेवली, निळा पेनड्राइव्ह काढून अर्पिताच्या हातात दिला आणि म्हणाला, “मी ऐकलंच नसतं, पोरी. सरळ पुसून टाकलं असतं.”

*

ऊन कलायला लागलं तेव्हा ते मांडवात परतले. आता शोधायचं होतं, की जो आवाज मुठीएवढ्या स्पीकरमधून येतो, तो या खोक्यांतून का येत नाही.

प्रसेनजितनं आधी मशीन बंद करून बोर्डातली पिनच काढली. मग त्यानं रिमोटमधला एक सेल आणला आणि डाव्या खोक्याच्या दोन तोंडांना दोन वायरींनी क्षणभर टेकवला. ‘टक’ असा आवाज झाला आणि आतला कागदी पडदा पुढं सरकला. उजव्या खोक्याचंही तसंच झालं.

“दोन्ही जिवंत हायेत,” तो म्हणाला.

“मंग गाणं लावून एकएक काढून पाहू,” अर्पिता म्हणाली.

त्यांनी पिन लावून गाणं सुरू केलं. तीच बारीक ढोलकी, तीच पोकळी. मशीन बंद केलं, डाव्या खोक्याची लाल वायर सोडवली आणि पुन्हा सुरू केलं. आता उजव्यातून तरी ढोलकी यायला हवी होती. उजवाही गप्प झाला होता.

“हे काय नवीनच,” प्रेम म्हणाला. “एकाले जेवाले नाही देलं तर दुसराबी उपाशी?”

अर्पिता मातीत बसली आणि काडीनं आकृती काढायला लागली. मशिनीपासून डाव्या खोक्याला लाल वायर. उजव्याला पिवळी. आणि दोघांची परत यायची वाट एकच, काळी. वायर कमी पडली म्हणून दिवाळीत त्यांनीच तशी युक्ती केली होती. दोन्ही खोक्यांची काळी टोकं एकमेकांना जोडायची आणि तिथून एकच काळी वायर मशिनीपर्यंत आणायची.

“काळी तुटली असन तर?” ती म्हणाली. “मंग लाल वायरीतून आलेलं डाव्या खोक्यातून उजव्यात जाईन आन् पिवळीतून परत येईन. दुसरी वाटच नाही. म्हणून एक काढलं का दोन्ही बंद.”

“पण ढोलकी येते अन् आत्या येत नाही, हे काऊन?”

प्रसेनजित विचार करत होता. त्यानं मांडवाची एक दोरी उचलली, एक टोक प्रेमला दिलं, दुसरं स्वतः धरलं. “ओढ. मीबी तेवढंच ओढतो.” दोरी ताणली गेली, पण जागची हलली नाही. “आता तू ढील दे.” दोरी सरकली.

“स्टुडिओत आत्या मधात उभी होती,” तो म्हणाला. “ढोलकी एकीकडं, पेटी एकीकडं. मधातला आवाज दोन्ही बाजूनं सारखाच येते. लाल अन् पिवळी सारखंच ओढतात, म्हणून काहीच हलत नाही. माईकचंबी तसंच. ढोलकी एकाच बाजूनं ओढते, म्हणून ती ऐकू येते.”

अर्पिता ताडकन उठली. मशिनीजवळ काळी वायर जागेवर होती, घट्ट बसवलेली. तिथून तिघं ती हातानं चाचपत स्टेजच्या कापडामागं गेले. तीन वायरींचा पीळ सात-आठ पावलं नीट होता. मग लाल आणि पिवळी पुढं गेली होती, आणि काळी तिथंच संपली होती. टोक कापलेलं होतं, सुरीनं कापावं तसं सरळ. पुढं पाच-सहा हात काळी वायर नव्हतीच.

“चोरून कोण नेईन इतकीशी वायर?” प्रसेनजित म्हणाला.

प्रेम फाटकाकडं पाहत होता. फाटकावर सत्काराचा मोठा फ्लेक्स लावला होता, त्यावर आत्याचा हात जोडलेला फोटो होता. फ्लेक्सची वरची दोन्ही टोकं बांबूला बांधली होती. काळ्या वायरीनं.

“बाबानं बांधला तो,” प्रेम हळू आवाजात म्हणाला. “मी शिडी धरली होती.”

*

देवानंदकाका आला तेव्हा विहारात झुंबरबाई आणि दुसरी माणसंही जमली होती. अर्पितानं कापलेलं टोक त्याच्यापुढं धरलं. काका आधी हसला.

“अवं, ते काळी तर जास्तीची होती. खोके दोन, वायरी दोन. मले वाटलं तिसरी उगीच लोंबते. सुतळी संपली होती, म्हणून…”

“काका, तिसरीशिवाय आवाज परत कुठून जाईन?” अर्पिता म्हणाली. “आत्याले वाटलं, तिचा आवाज मशिनीतूनबी गेला. तुमी गाणं पुसाले पाठवलं. आमी पोचलो नसतो तर खरंच गेला असता.”

काकाचं हसू गेलं. तो फाटकापाशी गेला. शिडी लावून बहिणीच्या फोटोपाशी तो बराच वेळ वायरीच्या गाठी सोडवत राहिला. त्या सुटत नव्हत्या. शेवटी तो खाली उतरला, प्रेम शिडीवर चढला आणि त्यानं सोडवल्या.

प्रसेनजितनं वायरीची टोकं सोलली, पीळ देऊन जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. प्रेमनं माईक हातात घेतला. “हॅलो,” एवढंच म्हणाला, आणि त्याचा आवाज सगळ्या मांडवात घुमला. त्यालाच दचकायला झालं.

“आत्याले आताच बोलावू?” प्रसेनजितनं विचारलं.

“मी जातो,” काका म्हणाला. “मलेच जाऊ द्या.”

तो आत्याला काय म्हणाला, ते मुलांना कधी कळलं नाही. थोड्या वेळानं दोघं भाऊबहीण मांडवात आले. काकाचे डोळे लाल होते. आत्या सकाळच्याच खुर्चीवर बसली. अर्पितानं गाणं लावलं.

खोके खरंच चांगले वाजत होते. आतल्या कापसानं आवाज भरदार आणि मऊ येत होता, जशी आत्या खरोखर स्टेजवर उभी असावी. पहिल्या ओळीला आत्याचे ओठ हलले. दुसऱ्या ओळीला तिनं मांडीवर ताल धरला. मग जिथं लांब सूर होता, तिथं तिनं सवयीनं छाती भरून श्वास घेतला. श्वास गळ्यावरच्या फडक्यातून सुसकन बाहेर पडला. ओठ तसेच उघडे राहिले. सूर खोक्यांतून चालू होता.

ती रडायला लागली. तिच्या रडण्याला आवाज नव्हता. खांदे हलत होते, फडकं वरखाली होत होतं, आणि बस. अर्पिताला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. तिनं बटणाकडं हात नेला. आत्यानं मान हलवून नको म्हटलं. गाणं शेवटपर्यंत चाललं.

संपल्यावर झुंबरबाईंनी तिघांना जवळ बोलावलं. “आमी मोठे माणसं,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “आमी सकाळी आवाज गेला म्हणून मोकळे झालो. या लेकराइनं मात्र विचारलं, का गेला तर कुठं गेला. परवाच्या सत्कारात कलाबाईसंगं या तिघाइचंबी नाव घ्यायचं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकानं अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवला. प्रेमनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “सत्कारात जेवण असते का?” या वेळी सगळे हसले. अर्पिताही हसली, पण तिचं लक्ष खुर्चीकडं होतं. खुर्ची रिकामी होती.

आत्या घरी, ओसरीच्या कडेला बसली होती. अंगणात अजून उजेड होता. अर्पिता तिच्या शेजारी जाऊन बसली. “आत्या, दुखलं का तुले? नव्हतं लावायचं का आमी?” तिनं विचारलं.

आत्यानं पाटी घेतली. मग सावकाश, एकेक अक्षर नीट वळवत लिहिलं आणि पाटी अर्पितापुढं केली.

‘बरी गात होती मी.’

“हाव, आत्या,” अर्पिता म्हणाली. “लय चांगली गात होती तू.”

आत्यानं मान डोलावली. तिनं पाटी पुसली नाही.